नमुना किती मोठा असावा?

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि चुलीपुरती ती अगदी खरी आहे. एका पातेल्यातील तांदूळ एकाच जातीचा, पाणी तेच, आच तीच. त्यामुळे एक शीत बोटाने दाबून पाहिले की उरलेल्या हजारो शितांविषयी बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो. परंतु ही म्हण चुलीवरून उचलून शेतात नेली, किंवा शाळेच्या वर्गात नेली, की ती अपुरी पडू लागते. एकाच गावातील दोन बांधांआडच्या दोन शेतांत एकरी उत्पन्न दुप्पट-तिपटीने वेगळे असू शकते. एकाच बाकावरील दोन मुलांपैकी एक धडा घडाघडा वाचतो व दुसरा अक्षराअक्षराला अडखळतो. जेथे नगानगांत अशी भिन्नता असते, तेथे एका नगावरून सगळ्यांची परीक्षा होत नाही. मग किती नग पाहावेत, आणि तितके पाहून काढलेल्या अनुमानात चूक किती संभवते, हा प्रश्न उभा राहतो. संख्याशास्त्राने त्याचे उत्तर बऱ्याच नेमकेपणाने दिले आहे. गणिताचे थोडे ज्ञान असलेल्या कोणाही शिक्षकास ते समजून घेता येते, इतकेच नव्हे तर ते वर्गात मुलांच्या हातून सिद्धही करून दाखविता येते.

ह्या विषयाशी खेड्यातील शिक्षकाचा संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. संबंध रोजचा आहे. तालुक्याच्या बैठकीत शाळाशाळांच्या प्रगतीची शेकडेवारी वाचली जाते आणि तीवरून कोणाची पाठ थोपटली जाते, कोणास खुलासा विचारला जातो. गावातील शेतकऱ्यास पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही, हे काही मोजक्या जागी कापलेल्या पिकाच्या वजनावरून ठरते. निवडणुकीच्या दिवसांत वृत्तपत्रे मतदारांच्या कलाचे आकडे छापतात. ह्या प्रत्येक आकड्यामागे एक नमुना असतो, आणि त्या नमुन्याचा आकार कळल्याखेरीज आकड्याची किंमत कळत नाही.

प्रथम प्रयोग पाहू. एका डब्यात एक हजार चिंचोके घ्यावेत व त्यांपैकी चारशे चिंचोक्यांवर चुन्याचा ठिपका द्यावा. म्हणजे डब्यात ठिपकेवाल्या चिंचोक्यांचे प्रमाण शेकडा ४० झाले. ही गोष्ट शिक्षकास ठाऊक आहे, मुलांस नाही. डबा चांगला हलवून एका मुलाने डोळे मिटून दहा चिंचोके काढावेत, त्यांत ठिपक्याचे किती ते मोजून फळ्यावर लिहावे, चिंचोके परत टाकावेत आणि डबा पुन्हा हलवावा. मग दुसऱ्याने तसेच करावे. अशी सोळा मुलांची पाळी झाली म्हणजे फळ्यावर सोळा आकडे येतील. सरासरीने प्रत्येकास चार ठिपकेवाले मिळावयास हवेत, पण प्रत्यक्षात कोणास दोन मिळतील, कोणास सहा, एखाद्यास एक किंवा सातही मिळतील. गणित सांगते की बहुतेक सर्व आकडे १ ते ७ ह्यांच्या दरम्यान पडतील. शेकडेवारीत बोलावयाचे तर दहाच्या नमुन्यावरून डब्यातील ठिपकेवाल्यांचे प्रमाण कोणी शेकडा १० सांगेल, कोणी शेकडा ७० सांगेल. मुले दोन्ही उत्तरे पाहून हसतील. मात्र दोघांनीही प्रामाणिकपणे मोजले आहे, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

आता चार-चार मुलांचे आकडे एकत्र करावेत. प्रत्येक गटाचा नमुना ४० चिंचोक्यांचा झाला. त्यात ठिपकेवाले १६ असावेत. प्रत्यक्षात ते साधारणतः १० ते २२ ह्यांच्या दरम्यान येतील. शेवटी सोळाही मुलांची बेरीज करावी. १६० चिंचोक्यांत ६४ हवेत. येतील ५२ ते ७६ ह्यांच्या दरम्यान कोठेतरी. येथे मुलांस एक प्रश्न अवश्य विचारावा. दहाच्या नमुन्यात अपेक्षेपासूनची तफावत फार तर तीन चिंचोक्यांची होती आणि एकशेसाठच्या नमुन्यात ती बारा चिंचोक्यांपर्यंत गेली. मग नमुना मोठा केल्याने चूक वाढली की कमी झाली? मोजणीच्या आकड्यांत ती वाढली, ह्यात संशय नाही. परंतु दहांत तीन म्हणजे शेकडा सुमारे ३०, आणि एकशेसाठांत बारा म्हणजे शेकडा सुमारे ८. नमुना सोळापट झाला, तफावत चौपट झाली, आणि प्रमाणातील चूक म्हणून चौथाईवर आली. सर्व विषयाचे मर्म ह्या एका वाक्यात आहे. शिक्षकाने येथे घाई न करता दोन दिवस लागले तरी लावावेत.

तफावत सोळापट न होता चौपटच का झाली? सोळाही मुलांची चूक एकाच बाजूला झाली असती, म्हणजे प्रत्येकास अपेक्षेपेक्षा जास्तच ठिपके मिळाले असते, तर बेरजेतील चूक सोळापट झाली असती. उलट प्रत्येकाची वाढीव चूक दुसऱ्याच्या घटीने तंतोतंत फिटली असती, तर बेरजेत चूक उरलीच नसती. प्रत्यक्षात ह्यांपैकी एकही होत नाही. काही चुका परस्परांस खोडतात, काही साचतात, आणि साचलेला भाग नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात राहणाऱ्या अब्राहम द म्वाव्र नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हा नियम मांडला. त्याचे व्यावहारिक फलित असे की चूक निम्मी करावयाची तर नमुना चौपट घ्यावा लागतो, आणि ती एकतृतीयांशावर आणावयाची तर नऊपट.

शेकडेवारीच्या प्रश्नांसाठी एक सोपा हिशेब मनाशी ठेवता येतो. शंभरास नमुन्यातील नगांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. जो भागाकार येईल तितक्या टक्क्यांनी उत्तर वर किंवा खाली सरकू शकते असे धरावे. ह्यालाच त्रुटिमर्यादा म्हणतात. पंचवीस नगांच्या नमुन्यात ती सुमारे २० टक्के, शंभराच्या नमुन्यात १०, चारशेच्या नमुन्यात ५, सोळाशेच्या नमुन्यात अडीच आणि दहा हजारांच्या नमुन्यात एक टक्का येते. खरे प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल तेव्हा हा हिशेब बरोबर जुळतो. प्रमाण शून्याकडे किंवा शंभराकडे झुकलेले असेल तर मर्यादा ह्याहून लहान असते. पहिल्या शंभर नगांनी किती लाभ करून दिला आणि शेवटच्या आठ हजार चारशे नगांनी किती, हे पाहिले म्हणजे सर्वेक्षण करणाऱ्या संस्था हजार-दोन हजारांवर का थांबतात ते समजते. पुढचा प्रत्येक दशांश फार महाग पडतो.

ह्या हिशेबात डब्यातील एकूण चिंचोक्यांची संख्या कोठेच आली नाही, ही गोष्ट पुष्कळांस खटकते. गावाच्या सर्वेक्षणास शंभर माणसे पुरत असतील तर जिल्ह्याच्या सर्वेक्षणास हजारो लागली पाहिजेत, असे सहज वाटते. परंतु आमटी नीट ढवळलेली असेल तर ती लहान पातेल्यात आहे की लग्नघरच्या हंड्यात, ह्यावर चव पाहण्यास लागणाऱ्या पळीचा आकार अवलंबून नसतो. नमुना हा समूहाचा मोठा हिस्सा होऊ लागला, म्हणजे समजा दोनशे माणसांच्या वस्तीतून शंभर माणसे निवडली, तरच चूक हिशेबाहून कमी होते. एरवी चारशेचा नमुना तालुक्यासाठी जेवढा विश्वासार्ह, तेवढाच राज्यासाठी. ह्याची उलट बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. राज्यासाठी चारशे पुरत असले तरी त्याच चारशेंतून तालुकावार आकडे काढू नयेत, कारण एकेका तालुक्याच्या वाट्यास एक-दोनच माणसे आलेली असतात.

आता विश्वास-अंतराल ह्या शब्दाकडे वळू. नमुन्यावरून आलेले उत्तर शेकडा ४५ असेल आणि त्रुटिमर्यादा १५ असेल, तर ३० ते ६० हे अंतराल झाले. त्यापुढे शेकडा ९५ विश्वास असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. डब्यातील खरे प्रमाण कधी ह्या अंतरालात असते व कधी नसते, असे नव्हे. ते बिचारे डब्यात ४० वर स्थिर बसलेले आहे. हलते ते अंतराल. चाळीस चिंचोक्यांचे वीस नमुने घेऊन प्रत्येकाभोवती असे अंतराल आखले, तर सुमारे एकोणीस अंतराले त्या ४० ला आपल्या पोटात घेतील आणि एखादे त्यास चुकवील. विश्वास आहे तो आखण्याच्या रीतीवर. अमुक एका अंतरालावर नव्हे. ह्यांपैकी कोणते अंतराल चुकले, हे डबा न उघडता कोणासही सांगता येणार नाही. अधिक निश्चिती हवी असेल, म्हणजे शंभरांत नव्याण्णव वेळा खरे प्रमाण सापडावे अशी इच्छा असेल, तर त्याच नमुन्यात अंतराल सुमारे तीन-दशांशाने रुंद करावे लागते. नमुना न वाढविता निश्चितीही वाढावी आणि अंतरालही अरुंद राहावे, असा मार्ग नाही.

विश्वास-अंतरालाची ही कल्पना येर्झी नेमन ह्या पोलिश गणितज्ञाने १९३४ च्या सुमारास सुस्पष्ट रूपात मांडली. तो त्या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होता, आणि त्याच काळात तेथे अध्ययन करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे होते. १९३६ साली डॉक्टरेट मिळवून ते भारतात परतले आणि पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत राहून त्यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज नमुन्यावरून काढण्याची पद्धत देशभर रुजविण्यास फार मोठा हातभार लावला. तिकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी १९३१ साली स्थापिलेल्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेतून तागाच्या पिकाच्या नमुना-पाहण्या चालू केल्या होत्या. त्यांच्याच प्रेरणेने १९५० साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. तत्पूर्वी पीक किती आले हे बहुतांशी नजरेने ठरत असे. आणेवारी हा शब्दच सोळा आणे पीक, आठ आणे पीक अशा नजरअंदाजातून आलेला आहे. नजरअंदाजाचा दोष असा की तो करणारा कितीही अनुभवी असला तरी त्याच्या चुकीची मर्यादा मोजता येत नाही.

पीककापणी प्रयोग बहुतेक शिक्षकांनी गावात पाहिलेला असेल. निवडलेल्या शेतात यदृच्छेने एक जागा ठरवून साधारणतः दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असा तुकडा आखतात, त्यातील पीक कापून, मळून वजन करतात. महसूल, कृषी व जिल्हा परिषद ह्या तिन्ही खात्यांचे कर्मचारी हे काम वाटून घेतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत असे किमान प्रयोग तालुक्यासाठी १६, महसूल मंडळासाठी १० आणि प्रमुख पिकांकरिता ग्रामपंचायतीसाठी ४ ठेवण्यात आले होते. ह्या तीन आकड्यांचा अर्थ वरील नियमाने तपासून पाहण्यासारखा आहे.

समजा एका मंडळात सोयाबीनचे सरासरी उत्पादन हेक्टरी दहा क्विंटल आले आणि तुकड्यातुकड्यांतील फरकाचे माप, ज्यास प्रमाण विचलन म्हणतात, ते चार क्विंटल आहे. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. तरी कोरडवाहू भागात अशी भिन्नता मुळीच अशक्य नाही. चारास दहाच्या वर्गमुळाने भागले असता १.२६ येतात. ह्यास प्रमाण त्रुटी म्हणतात. तिची साधारण दुप्पट इकडे व दुप्पट तिकडे घ्यावयाची. परंतु तुकडे थोडे असल्यामुळे भिन्नतेचा अंदाजही कच्चा असतो आणि म्हणून दुपटीऐवजी २.२६ ने गुणावे लागते. अंतराल येते सुमारे ७.१ ते १२.९ क्विंटल. सोळा तुकडे असते तर ते ७.९ ते १२.१ झाले असते. चारच तुकडे असतील तर गुणक ३.१८ होतो आणि अंतराल ३.६ ते १६.४ असे पसरते, म्हणजे त्या आकड्याने जवळजवळ काहीच सांगितले नाही. चाळीस तुकडे घेतले असते तर ८.७ ते ११.३ इतके ते आवळले असते.

आता विम्याचा उंबरठा उत्पादनाचा आकडा नऊ क्विंटल आहे असे धरा. मंडळाचे खरे सरासरी उत्पादन साडेआठ असूनही दहा तुकड्यांची सरासरी दहा येणे सहज शक्य आहे, आणि तसे झाले तर त्या मंडळातील कोणत्याही शेतकऱ्यास भरपाई मिळणार नाही. शेजारच्या मंडळात खरे उत्पादन साडेनऊ असून नमुन्यात साडेआठ आले तर तेथे ती मिळेल. दोन्ही ठिकाणी कोणी लबाडी केलेली नसते. ओढ्याकाठचा एखादा सकस तुकडा नशिबाने नमुन्यात आला, एवढेच घडलेले असते. घटक लहान करावा, मंडळाऐवजी गाव धरावे, ही मागणी न्याय्य आहे, कारण गारपीट मंडळ पाहून पडत नाही. परंतु घटक लहान करताना त्यातील तुकड्यांची संख्याही दहावरून चारावर आणली, तर स्थानिक नुकसान नेमके टिपण्याचा हेतूच त्रुटीत बुडून जातो. कापणीच्या पंधरवड्यात गावोगाव हिंडणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या मर्यादित असते आणि चूक निम्मी करण्यास काम चौपट लागते; अडचण खरी आहे. ती खरी आहे म्हणून आकड्याची त्रुटिमर्यादा झाकून ठेवावी, असे मात्र होत नाही.

नमुना वाढविला म्हणजे सर्व चुका नाहीशा होतात, असा समज येथवर झाला असेल तर तो दूर करणे अगत्याचे आहे. वर्गमुळाचा नियम फक्त दैवाने होणाऱ्या चुकीस लागू पडतो. जी चूक नेहमी एकाच बाजूला ओढते, तिला तो लागू नाही. सुखात्मे ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले की तुकडा फार लहान आखला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण साधे आहे. तुकड्याच्या कडेवर जे रोप उभे असते ते आत धरावे की बाहेर, हा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. तुकडा मोठा असेल तर कडेची रोपे एकंदरीच्या मानाने थोडी. तुकडा लहान असेल तर तीच पुष्कळ. असे लहान तुकडे दहा घेतले काय किंवा दहा हजार घेतले काय, फुगवटा तेवढाच राहतो. उलट दहा हजारांच्या नमुन्यामुळे अंतराल फार अरुंद दिसते आणि चुकीच्या आकड्यास खरेपणाचा साज चढतो.

ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९३६ सालच्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचे होय. लिटररी डायजेस्ट ह्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतदारांस पत्रिका पाठविल्या. त्यांतील चोवीस लाखांच्या आसपास भरून परत आल्या आणि त्यांवरून लँडन हे शेकडा ५७ मते मिळवून विजयी होतील असे भाकीत करण्यात आले. नुसत्या वर्गमुळाने पाहिले तर चोवीस लाखांच्या नमुन्याची त्रुटिमर्यादा एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. प्रत्यक्षात रूझवेल्ट ह्यांस सुमारे ६१ टक्के मते पडली. पत्रिका ज्या याद्यांवरून धाडल्या त्यांत दूरध्वनी व मोटार बाळगणाऱ्यांचा भरणा होता, आणि आलेली पत्रिका भरून परत धाडण्याचे कष्ट घेणाऱ्यांत सरकारवर रुष्ट असलेले अधिक होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप ह्यांनी सुमारे पन्नास हजारांच्या नमुन्यावर रूझवेल्ट जिंकतील हे बरोबर सांगितले. डबा न हलविता वरवरचेच चिंचोके उचलले तर मुठी कितीही भरा, तळाशी काय आहे ते कळत नाही.

दुसरे एक व्यंग नमुन्याच्या बांधणीत असते. ग्रामीण मुलांच्या वाचनाची व गणिताची पाहणी करणारा असर अहवाल २००५ पासून निघू लागला. त्याच्या पद्धतीत प्रत्येक जिल्ह्यात तीस गावे आणि प्रत्येक गावात वीस घरे, अशी सहाशे घरे घेतात. परंतु सहाशे घरे म्हणजे सहाशे स्वतंत्र चिंचोके नव्हेत. एका गावातील मुले एकाच शाळेत, बहुधा एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिकलेली असतात. त्यांच्यात साम्य असते. एका गावातील सर्व मुले अगदी सारखी असती तर सहाशे घरांचे मोल तीस घरांइतकेच राहिले असते. ती मुळीच सारखी नसती तर पूर्ण सहाशेंचे. खरे मोल ह्या दोहोंच्या मध्ये असते. शिवाय त्या घरांत तिसरीत शिकणारी मुले थोडीच. ती समजा शंभर निघाली, तर जिल्ह्यातील तिसरीच्या वाचनाचा आकडा १० टक्के वर-खाली होऊ शकतो, आणि तशा दोन जिल्ह्यांच्या आकड्यांतील फरकाची मर्यादा १४ टक्क्यांवर जाते, कारण दोन्हीकडच्या चुका फरकात उतरतात. तेव्हा एका जिल्ह्याचा आकडा ५२ आणि शेजारच्याचा ४७ छापून आला, तर पहिल्याने ढोल वाजवावा आणि दुसऱ्याने मान खाली घालावी, असे त्या पाच टक्क्यांत काही नसते. संपूर्ण राज्याचा आकडा मात्र पुष्कळच भरवशाचा असतो.

आता शाळेच्या निकालाकडे येऊ, कारण शिक्षकाची खरी कुचंबणा तेथेच होते. वाडीवरील शाळेत तिसरीत नऊ मुले आहेत. त्यांपैकी सहांनी गोष्ट अस्खलित वाचली, म्हणजे शेकडा ६७. पुढल्या वर्षीही नऊच मुले, पण वाचणारी चार, शेकडा ४४. तेवीस टक्क्यांची घसरण म्हणून तालुक्याच्या तक्त्यावर शाळेच्या नावापुढे तांबडी खूण होते. घडले काय, तर दोन मुले कमी. त्यांतील एक ऊसतोडीच्या हंगामात आईबापांसमवेत गेलेला असेल, दुसरा आजारी पडला असेल. येथे एक मुलगा म्हणजे अकरा टक्के. मोठ्या गावातील शाळेत तिसरीत ८१ मुले असतील तर एक मुलगा सव्वा टक्क्याचा. वरच्या हिशेबाने पहिल्या शाळेची त्रुटिमर्यादा ३३ टक्के आणि दुसरीची ११. इतक्या लहान संख्येत तो हिशेब काहीसा ढोबळ ठरतो. अधिक काटेकोर रीतीने नवांपैकी सहा ह्या निकालाचे अंतराल ३५ ते ८८ असे येते. दुसऱ्या वर्षीचे ४४ त्यात आरामात बसते.

येथे कोणी हुशार शिक्षक हरकत घेईल की नऊपैकी नवांचीही परीक्षा घेतली, मग हा नमुना कसला? ही तर संपूर्ण मोजणी झाली. हरकत रास्त आहे. ह्या वर्षी ह्या नऊ मुलांपैकी किती वाचतात, एवढाच प्रश्न असेल तर सहा हे उत्तर बिनचूक आहे. त्यास त्रुटिमर्यादा नाही. परंतु तक्ता करणाऱ्याचा प्रश्न तो नसतो. ह्या शाळेत वाचन कसे शिकविले जाते, हा त्याचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाच्या दृष्टीने ह्या वर्षी ह्या वाडीवर आठ वर्षांची झालेली नऊ मुले हा केवळ योगायोगाने हाती आलेला नमुना आहे. पुढच्या वर्षी दुसरी नऊ येतील. उत्तर तेच, पण प्रश्न बदलला की त्याची पक्की-कच्ची बाजू बदलते.

ह्यातून एक चमत्कारिक परिणाम उद्भवतो. गुणानुक्रमाची यादी केली की तिच्या शिखरावर लहान शाळा दिसतात, आणि तळाशीही लहान शाळाच दिसतात. मोठ्या शाळा मधल्या भागात दाटीने बसतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पाचवीच्या वाचन-परीक्षेचे निकाल हॉवर्ड वेनर ह्या संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली ह्याच दृष्टीने मांडून दाखविले. १,६६२ शाळांपैकी पहिल्या पन्नासांत सर्वांत लहान पन्नास शाळांपैकी सहा होत्या, जेथे एक-दोन असणे स्वाभाविक होते. पण शेवटच्या पन्नासांतही त्या लहान शाळांपैकी नऊ होत्या. ज्यांनी केवळ यादीचे शिखर पाहिले त्यांस लहान शाळा हाच गुणवत्तेचा मार्ग वाटला, आणि त्या समजुतीवर तेथे मोठमोठ्या रकमा खर्च झाल्या. आपल्याकडे नेमका उलट निष्कर्ष काढला जाण्याची भीती अधिक. यादीचा तळ पाहून लहान शाळा निकृष्ट ठरविणे हे त्याच चुकीचे दुसरे टोक आहे. वाडीवरच्या शाळेबद्दल निर्णय करावयाचा असेल तर तो मुलांच्या पायपिटीचा, शिक्षकांच्या संख्येचा, खर्चाचा विचार करून करावा. एका वर्षाच्या नऊ मुलांच्या शेकडेवारीवर तो उभा करू नये.

शिक्षकाच्या हाती ह्यावर जे उपाय आहेत ते साधे आहेत. मुलांची संख्या तिसाहून कमी असेल तर अहवालात नुसती शेकडेवारी न लिहिता नवांपैकी सहा असे मूळ आकडे लिहावेत; वाचणाऱ्यास त्रुटीचा अदमास आपोआप येतो. तुलना करावयाची ती लागोपाठच्या दोन वर्षांची न करता तीन-तीन वर्षांची बेरीज घेऊन करावी. तीन वर्षांत सत्तावीस मुले होतात आणि त्रुटिमर्यादा ३३ वरून सुमारे १९ वर उतरते. तीही थोडी नव्हे, पण तीन वर्षे सतत एकाच बाजूला झुकणारा आकडा काही सांगत असतो, हे नाकारता येत नाही. जेथे नऊच मुले आहेत तेथे तर प्रत्येकाचे नाव लिहून तो कोणत्या अक्षराशी अडतो ह्याची टिपणवही ठेवणे सहज शक्य आहे. ऐंशी मुलांच्या वर्गात ती सोय नसते. केंद्रातील दहा-बारा शाळांनी आपले आकडे एकत्र केले, तर शंभरावर मुलांचा नमुना होतो आणि केंद्राच्या पातळीवर दहा टक्क्यांच्या आत बोलता येते. मात्र त्या एकत्रित आकड्यातून पुन्हा एकेका शाळेचा क्रम लावू नये.